आवाज कुठून येतो?



बी.कॉम. होऊन पंचेचाळीस वर्षं होत आली, तरी काही अडलं की मी आधी वही काढते. सध्याच्या वहीवर नाव आहे 'टीव्हीचा आवाज'. डाव्या पानावर काय विकत घेतलं, उजव्या पानावर त्यातून काय ऐकू आलं. बरेच दिवस उजवं पान कोरंच होतं.

सुरुवात यांच्या कानापासून झाली. तीन वर्षांपूर्वी, पर्युषण नुकतंच संपलेलं. हे सकाळी उठले आणि म्हणाले, "उजव्या कानात दडा बसलाय गं." मळ असेल, सर्दी असेल, असं म्हणून मी वाफ दिली, शेक दिला. आठ दिवस गेले. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की असं एकाएकी ऐकू येईनासं झालं तर ती धावपळ करण्याची वेळ असते. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर कान परत मिळण्याची आशा जास्त. आम्ही उशीर केला. उजवा कान गेला तो गेलाच. ते आठ दिवस माझ्या खात्यावर आहेत आणि ती नोंद खोडता येत नाही. म्हणून आधीच सांगते, घरात कुणाचा एक कान अचानक बंद झाला तर तेला-वाफेच्या नादी लागू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आमची जेवणं सूर्यास्ताच्या आत आटोपतात, त्यामुळे संध्याकाळी सात ते नऊ हा आम्हा दोघांचा टीव्हीचा वेळ. तो बिघडला. संवाद यांना कळेनात म्हणून आवाज वाढवायचा, की लगेच गाणं किंवा मारामारी कानठळ्या बसवणार, मग वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येणार. शेवटी हे फोन आणि इयरफोन घेऊन आतल्या खोलीत बसायला लागले. भांडण नाही, काही नाही. फक्त मी बाहेर आणि हे आत.

थोरल्याने ते ओळखलं आणि साउंडबार घेऊन दिला. लांबट पट्टीसारखा स्पीकर, एक जड चौकोनी डबा, मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकर. खोक्यावर ठळक अक्षरांत 'डॉल्बी अ‍ॅटमॉस'. दुकानाचा माणूस आला, तार जोडली, गाणं लावून दाखवलं, चहा घेऊन गेला. दोन महिने आम्ही 'छान आहे हं' म्हणत राहिलो. खरं म्हणजे फरक काहीच नव्हता, आणि मुलाने पैसे खर्च केलेत म्हणून दोघंही बोलत नव्हतो. मग मी ठरवलं, हा चारही बाजूंचा आवाज म्हणजे प्रकार तरी काय आहे, ते मुळापासून पाहायचं.

मूळ सापडलं ते १८८१ सालात. पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनिअरने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनचे मायक्रोफोन मांडले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. ऐकणाऱ्याने दोन हातांत दोन रिसीव्हर धरून दोन्ही कानांना लावायचे. डाव्या कानात डावीकडच्या मायक्रोफोनचा आवाज, उजव्यात उजवीकडच्याचा. लोक रांगा लावून ऐकत. गायिका रंगमंचावर इकडून तिकडे गेली की न बघता कळायचं. एकच रिसीव्हर लावला तर गाणं ऐकू यायचं, पण ती कुठे उभी आहे ते कळायचं नाही.

हे वाचलं आणि मी थोडा वेळ वही मिटून ठेवली. आवाजाची दिशा कळायला दोन कान लागतात, हे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. आणि मी एका कानाच्या माणसासाठी चारही बाजूंचा आवाज शोधत होते.

तरी पुढे वाचत गेले, आणि बरं झालं.

१९३१ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा तरुण बायकोबरोबर सिनेमाला गेला होता म्हणतात. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकलं. आपण पाहिलेल्या सगळ्या जुन्या चित्रपटांत असंच असायचं की, आपल्याला कधी खटकलं? त्याला खटकलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो ते जवळजवळ सगळं त्या अर्जात आहे. पण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५७-५८ साल उजाडलं. तोवर ब्लमलाइन राहिला नव्हता. १९४२ साली रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला, अडतीस वर्षांचा असताना.

माझ्या कामाचा माणूस मात्र अमेरिकेत भेटला. बेल प्रयोगशाळेतले हार्वी फ्लेचर. २७ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी एक प्रयोग केला. फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद फिलाडेल्फियातच वाजवत बसला, आणि श्रोते बसले वॉशिंग्टनला, सुमारे दोनशे किलोमीटरांवर. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक स्टोकोव्हस्की वादकांपुढे उभे न राहता वॉशिंग्टनला आवाजाची बटणं फिरवत बसले. टेलिफोनच्या तारांवरून आवाज आला तो दोन वाटांनी नव्हे, तीन वाटांनी. डावी, उजवी आणि मधली. कान दोन असताना वाटा तीन कशाला? कारण मोठ्या सभागृहात दोनच स्पीकर ठेवले तर जो नेमका मधोमध बसला आहे त्यालाच मधला आवाज मधून येतो. कडेला बसलेल्याला सगळं जवळच्या स्पीकरकडे ओढलं गेल्यासारखं वाटतं. मध्ये खरा स्पीकर ठेवला की सगळ्यांचं भागतं.

आणि हे फ्लेचर नुसते संगीताच्या मागे नव्हते. कान किती ऐकतो हे मोजण्याच्या यंत्रावर आणि श्रवणयंत्रावर त्यांनी खूप काम केलं होतं. कानाच्या डॉक्टरांकडे काचेच्या खोलीत बसवून यांना जे टिक-टिक ऐकवतात, 'ऐकू आलं की बटण दाबा', त्या तपासणीच्या मुळाशी हेच गृहस्थ. तिसरी वाट काढणारा आणि कमी ऐकू येणाऱ्यांचं मोजमाप करणारा माणूस एकच निघाला, याचं मला फार बरं वाटलं.

या मधल्या वाटेकडे लक्ष ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

नोव्हेंबर १९४० मध्ये वॉल्ट डिझ्नींनी न्यूयॉर्कला 'फँटेशिया' लावला तेव्हा त्यासाठी 'फँटासाउंड' नावाची व्यवस्था केली होती. संगीत पुन्हा स्टोकोव्हस्कींचंच. सामान इतकं अवजड आणि महाग, की थोड्याच थिएटरांत ते बसलं. वर महायुद्ध. संपलं.

आपल्याकडच्या बायकांना हे सगळं कळलं ते 'शोले'ने. मी १९७६ च्या मे महिन्यात मामांकडे मुंबईला गेले होते, तेव्हा 'मिनर्व्हा'त तो चालूच होता, पाचेक वर्षं चालला तिथे. ७० एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. जयने नाणं उडवलं आणि ते खण्णकन पडलं, तर माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खरोखर खाली वाकून बघायला लागले. मामी म्हणाल्या, "अहो, आपलं नाही ते." असे वाकणारे तेव्हा बरेच होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. गावी परतल्यावर आमच्या टॉकीजमध्ये पडद्यामागचा एकच भोंगा. मैत्रिणींना नाण्याची गोष्ट सांगितली तर कुणाचा विश्वास बसेना.

आवाजाच्या या धंद्यात आपल्या देशाचेही दोन धागे आहेत. अमर बोस यांचे वडील बंगालमधले, स्वातंत्र्यलढ्यात पडलेले, अमेरिकेत जाऊन राहिलेले. मुलगा एमआयटीत शिकत असताना १९५६ साली त्याने हौसेने स्टिरिओ घेतला आणि ऐकून निराश झाला. सभागृहात आपल्याला जो आवाज येतो त्यातला बराचसा भिंतींवर आपटून येतो, मग घरच्या स्पीकरने तो सरळ तोंडावर का मारायचा? १९६८ साली त्यांनी जो स्पीकर काढला त्यात आवाजाचे नऊ पडदे होते, एक पुढे तोंड करून आणि आठ मागे भिंतीकडे. ज्यांनी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोल घुमट पाहिलाय त्यांना भिंत काय करते ते सांगायला नको. आमच्या बाई या टोकाला कुजबुजल्या होत्या, "वनिता, चप्पल कुठे ठेवलीस?" आणि पलीकडच्या टोकाला वनिता दचकली होती.

दुसरा धागा रे डॉल्बी यांचा. खोक्या-खोक्यांवर ज्यांचं नाव आहे ते. १९६३ ते १९६५ ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्याकडे होते. इथे त्यांनी आपलं संगीत टेपवर घेतलं, आणि टेपचा तो सूंऽऽ आवाज घालवायचा कसा हा विचार याच काळात त्यांच्या डोक्यात पक्का झाला. १९६५ साली लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली.

सत्तरच्या दशकात अमेरिका-जपानमधल्या कंपन्यांनी घरात चार स्पीकर बसवायचा घाट घातला. क्वाड्राफोनिक म्हणत. पण एका कंपनीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट चार बाजूंनी वाजेना. एसक्यू वेगळं, क्यूएस वेगळं, सीडी-फोर आणखी वेगळं. एकाच पेठेत तीन दुकानदार तीन निरनिराळे शेर वापरायला लागले तर गिऱ्हाईक काय करील? घरी जाईल. तसंच झालं. दशक संपेस्तोवर सगळं गुंडाळलं, आणि ज्यांनी घेतलं होतं त्यांच्याकडे माळ्यावर टाकायला दोन स्पीकर जास्तीचे उरले.

डॉल्बींनी मग दुसरी युक्ती केली. दोनच वाटांत बाकीच्या वाटांचा आवाज घडी घालून ठेवायचा आणि पलीकडे उलगडायचा. १९७७ चा 'स्टार वॉर्स' असा गाजला. १९८२ मध्ये ती युक्ती व्हिडिओ कॅसेटवरून घरात आली. आणि १९८७ मध्ये 'प्रो लॉजिक' आलं, तेव्हा घरच्या संचाला पहिल्यांदा मधला स्पीकर मिळाला. फ्लेचरांची तिसरी वाट चोपन्न वर्षांनी बैठकीच्या खोलीत पोचली. संवाद त्या मधल्या स्पीकरला, बाकीचं बाकीच्यांना.

१९८७ म्हणजे आपल्याकडे रविवारचं रामायण. खोलीत वीस माणसं, दारात दहा, आणि टीव्हीला एकच स्पीकर, तोही पुढे तोंड केलेला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण एक संवाद सुटत नसे. आत्ताच्या टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, जाडीच उरलेली नाही त्यांना. शिवाय चित्रपट बनतो सहा-आठ वाटांचा. तो दोन वाटांत कोंबला की मधल्या वाटेचा माणसाचा आवाज संगीतात आणि गाड्यांच्या घरघरीत जाऊन मिसळतो. मग आवाज वाढवून उपयोग नसतो, सगळंच वाढतं. यांचा कान जाण्याआधीही मला कधीकधी संवाद कळायचे नाहीत, ते का, हे आता समजलं.

१९९२ मध्ये 'बॅटमन रिटर्न्स'पासून थिएटरांत डिजिटल ५.१ आलं. पाच स्पीकर, आणि तो '.१' म्हणजे नुसत्या घुमणाऱ्या खालच्या सुरांचा जड डबा. डीव्हीडीबरोबर ते घरात उतरलं. २००४ च्या दिवाळीत आम्हीही 'होम थिएटर' घेतलं होतं. केबलवरून येणारा आवाज दोनच वाटांचा, त्यामुळे मागचे स्पीकर कपाटावर बसून धूळ खात. मी त्यांच्यावर पितळी समई ठेवायची. क्वाड्राफोनिकवाल्यांना हसायचा आपल्याला अधिकार नाही.

जून २०१२ मध्ये अ‍ॅटमॉस आलं, पिक्सारच्या 'ब्रेव्ह' चित्रपटाबरोबर. यात मोठा फरक आहे. आधी आवाज वाटेवर बांधलेला असायचा, हा मागच्या उजव्या स्पीकरचा, हा मधला. आता प्रत्येक आवाजाबरोबर पत्ता येतो, की मी खोलीत या जागी, इतक्या उंचीवर आहे. घरातलं यंत्र तो पत्ता वाचतं आणि तुमच्याकडे जितके स्पीकर असतील त्यांत भागवतं. २०१४ मध्ये ते घरासाठी आलं. छतात स्पीकर बसवायला कोण देणार, म्हणून वर तोंड केलेले स्पीकर निघाले. आवाज छतावर आपटून खाली येतो, बोस यांची भिंत आता छत झाली. छत सपाट हवं आणि फार उंच नको. ५.१.२ मधला शेवटचा दोन म्हणजे हे वरचे दोन. २०१७ पासून नेटफ्लिक्सवरही अ‍ॅटमॉस यायला लागलं.

इथवर वाचून झाल्यावर मी आमच्या साउंडबारकडे गेले. रिमोटवर माहितीचं बटण होतं, ते दाबलं. पट्टीवर अक्षरं आली, 'पीसीएम'. म्हणजे साधा, बहुधा दोन वाटांचा आवाज. सात-आठ स्पीकरांचं सामान दोन महिने दोन वाटांवर चालत होतं.

मग मी हिशेब तपासतात तसं केलं. रक्कम कुठे गळली ते पाहायला व्हाउचर एकेक करून मागे मागे जातात, तसं स्पीकरपासून मागे निघाले. दुकानाच्या माणसाने टीव्हीपासून साउंडबारला जोडलेली तार ऑप्टिकल होती. ही १९८३ सालची पद्धत आहे. तिच्यातून ५.१ जातं, अ‍ॅटमॉस जात नाही. टीव्हीला एचडीएमआयची तीन भोकं होती, त्यांतल्या एकावर बारीक अक्षरांत एआरसी लिहिलेलं. टीव्हीचा आवाज उलटा स्पीकरकडे पाठवायचं ते भोक. नव्या टीव्हींना ई-एआरसी असतं, ते जास्त वजन पेलतं. आमच्याकडे साधंच. तार बदलली. तरी पीसीएमच. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वरून 'पास-थ्रू'वर केला, म्हणजे मधल्यामध्ये हात न लावता पुढे पाठव. आता पट्टीवर 'डॉल्बी' आलं, अ‍ॅटमॉस नाही.

पुढची गळती वर्गणीत. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस हवं तर सगळ्यांत वरचा प्लॅन लागतो. आणि तिसरी गळती खुद्द टीव्हीच्या मागे लावलेल्या स्टिकमध्ये. ती धाकट्याने वापरून दिलेली जुनी होती. तेच अ‍ॅप एका यंत्रावर अ‍ॅटमॉस देतं आणि दुसऱ्यावर देत नाही, हे कुणी सांगत नाही.

नवं यंत्र घ्यायचं तर दोन पर्याय समोर ठेवले. अ‍ॅपल टीव्ही फोर-के हे २०१८ पासून अ‍ॅटमॉस देतं, उत्तम यंत्र आहे. पण ते आवाज उलगडून, मोठ्या गाठोड्यात पाठवतं, आणि साध्या एआरसीच्या वाटेत ते गाठोडं अनेकदा अडतं. त्याला ई-एआरसीचा टीव्ही हवा, नाहीतर साउंडबारमध्येच थेट एचडीएमआय लावायची सोय हवी. आमच्याकडे दोन्ही नाही. फायर टीव्ही स्टिक फोर-के तोच आवाज घट्ट बांधून, लहान पुडीत पाठवते, ती पुडी साध्या एआरसीतूनही जाते, टीव्ही तिला आडवा आला नाही तर. आमच्या टीव्हीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं होतं. किंमत निम्म्याहून कमी. ज्यांचा टीव्ही नवा आहे त्यांनी माझं ऐकून स्टिकच घेऊ नये, आपल्या टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च मारून आधी अक्षरं वाचावीत.

त्या संध्याकाळी पट्टीवर 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' अशी अक्षरं सरकत गेली. उजव्या पानावर तारीख घातली.

पण खरं काम झालं ते दुसऱ्याच बटणाने. खऱ्या वाटा सुट्ट्या होऊन आल्यावर रिमोटवर 'सेंटर' म्हणून जे होतं ते चालायला लागलं. मधला स्पीकर चार खुणा वर, घुमणारा डबा तीन खुणा खाली. हे आतल्या खोलीत होते. मालिकेतली आजी स्वयंपाकघरात सुनेशी हळू आवाजात बोलत होती. थोड्या वेळाने हे इयरफोन गळ्यात टाकून दारात आले आणि म्हणाले, "ती काय म्हणाली ते मला कळलं." एवढंच. मग येऊन बसले. नेहमीच्या खुर्चीवर नाही, सोफ्याच्या उजव्या टोकाला, म्हणजे डावा कान टीव्हीकडे येतो. ती माझी जागा होती. आता मी त्यांच्या खुर्चीत बसते.

दिशा मात्र त्यांना कळत नाही. मागून घोडा आला काय आणि पुढून आला काय, त्यांना तो एका कानातच येतो. त्याला सामान नाही आणि सेटिंगही नाही. मी एकदा अपराध्यासारखं म्हटलंही, की एवढे मागचे, वरचे स्पीकर तुम्हाला फुकटच. तर म्हणाले, "तुला आहेत ना दोन कान."

परवा एक चित्रपट बघत होतो. अंधार, जंगल, आणि थेंब पडायला लागले. पत्र्यावर पडल्यासारखे, डोक्यावरून. मी तडक उठले. गच्चीत सांडगे वाळत घातलेले, सकाळपासूनची मेहनत. धावत वर गेले तर आकाशात चांदणं आणि सांडगे कडक वाळलेले.

खाली आले तर यांनी चित्रपट थांबवून ठेवला होता आणि पोट धरून हसत होते. हसणं आवरल्यावर विचारलं, "कुठून आला होता गं पाऊस?"

मी छताकडे बोट दाखवलं. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाले, "परत लाव."